समुद्रातली आग आणि आपल्या घरातला गॅस

नागभीडच्या आसपासच्या गावांत आता पुष्कळ घरी गॅसची शेगडी आहे. गॅस असला म्हणजे सरपणाची एक फेरी वाचते. आपला हा मुलूख वाघाचा. जंगलातली एक फेरी वाचली, म्हणजे जिवाची एक काळजी कमी झाली.

पण हा गॅस येतो कुठून? काही गॅस परदेशातून जहाजाने येतो. काही आपल्याच देशात निघतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात, तळाच्याही खाली तेल आणि गॅस आहे. १९७४ साली त्याचा शोध लागला. १९७६ साली तेल निघू लागले. त्या जागेला मुंबई हाय म्हणतात. तेथला गॅस नळाने उरणला येतो. उरणच्या कारखान्यात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात.

धानाची राखण करायला आपण वावरात मचाण बांधतो. समुद्रातही तसेच मचाण असते. पण ते लोखंडाचे आणि फार मोठे. त्यावर माणसे राहतात, जेवतात, झोपतात आणि पाळीपाळीने काम करतात. जवळच तेलाचे आणि गॅसचे नळ असतात. अशा ठिकाणी लहानशी चूकही महाग पडते. ती कशी, ते आता पाहू.

दिवस २७ जुलै २००५

आदल्याच दिवशी मुंबईत अतोनात पाऊस झाला होता. समुद्र खवळलेला होता. मुंबई हायमध्ये ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे एक जहाज काम करत होते. जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली. हवा खराब, म्हणून हेलिकॉप्टर मिळेना. औषधपाणी मिळावे म्हणून त्याला मचाणावर पोचवायचे ठरले.

जहाजाला जागेवर धरून ठेवणारी यंत्रे नीट चालत नव्हती. म्हणून ते हाताने चालवून जवळ आणले. वारा आणि लाटा जहाजाला मचाणाकडेच ढकलत होत्या. स्वयंपाकी पाळण्यात बसून वर पोचला. पण त्यानंतर लाटांनी जहाज उचलले आणि ते मचाणावर आदळले. गॅसचा उभा नळ फुटला. गॅस बाहेर आला आणि पेटला. सुमारे दोन तासांत ते लोखंडी मचाण समुद्रात कोसळले.

२२ माणसे गेली. ३६२ माणसांना वाचवण्यात आले. जहाजही पेटले आणि पुढे १ ऑगस्टला बुडाले. त्या जहाजावर सहा पाणबुडे एका बंद कोठडीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्याला अशा दाबाच्या कोठडीत राहावे लागते. तिचे दार एकदम उघडले तर जीव जातो. बाकीची माणसे जहाज सोडून गेली, तेव्हा हे सहा जण आतच राहिले. दीड दिवसाने त्यांची सुटका झाली.

चूक कोणाची?

असे काही घडले की पहिला प्रश्न निघतो, ‘चूक कोणाची?’ एखाद्याचे नाव घेतले की आपले समाधान होते. पण तेवढ्याने पुढचा अपघात टळत नाही. आम्ही म्हणतो, आणखी एक प्रश्न विचारा. चूक झाली, तर तिला अडवायला काय होते?

वरच्या बांधीचा धुरा फुटला तर खालच्या बांधीचा धुरा पाणी अडवतो. पण उंदरांनी सगळेच धुरे पोखरले असतील तर? मग एका रात्रीत सगळे पाणी नाल्यात जाते. त्या दिवशी तसेच झाले. हवा वाईट, यंत्र बिघडलेले, वारा उलटा. गॅसचा नळ बाहेरच्या अंगाला. त्याच्याभोवतीचा आडोसा लहान जहाजांचाच धक्का सोसण्याजोगा. एकही धुरा धड नव्हता.

माणूस म्हटला की तो थकतो, विसरतो, घाई करतो. रोजच्या सवयीने धोका त्याला दिसेनासा होतो. थ्रेशरवर धान काढताना रात्री उशिरा हात सापडतो, तो काही आळशी माणसाचा नसतो. दिवसभर राबलेल्या माणसाचाच असतो. म्हणून माणूस चुकणार हे धरूनच काम आखावे लागते. पट्ट्याला जाळी लावावी. पाळी बदलावी. आणि ‘थांबा’ म्हणायचा हक्क सर्वांना द्यावा, धाकट्या मजुरालासुद्धा.

एका कागदाची गोष्ट

स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर आल्फा नावाचे असेच मचाण होते. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. हा पंप चालू करू नये, असा कागदही लिहिला होता. पण रात्रपाळीला तो कागद सापडला नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा चालू केला. गॅस सुटला, आग लागली. १६७ माणसे मेली.

ती माणसे शिकलेली होती. कागद लिहिलेलाही होता. पण ज्याला हवा त्याच्या हाती तो पोचला नाही. लॉर्ड कलेन यांनी या आगीची चौकशी केली आणि १९९० साली १०६ सूचना केल्या. त्या साऱ्या मान्य झाल्या.

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. मोटार दुरुस्त करायला कोणी विहिरीत उतरला, तर खटक्यावर पाटी टांगा : ‘माणूस कामावर आहे. खटका दाबू नका.’ आणि घरच्यांना तोंडानेही सांगा.

वाघाचे पाऊल

समजा, एक जण भल्या पहाटे एकटाच मोहफुले वेचायला गेला. नाल्याच्या वाळूत त्याला वाघाचे ताजे पाऊल दिसले. तो गुपचूप परतला. घरी म्हणाला, “कोणाले सांगू नका. एकटा कायले गेला म्हणून सारे बोलतील.” दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने शेजारीण गेली. पुढे काय होऊ शकते, ते तुम्ही जाणता.

त्याने का सांगितले नाही? बोलणी बसतील म्हणून. जो सांगेल त्यालाच रागावले, तर कोण सांगेल? कारखान्यातही असेच असते. आज नळ थोडा गळतो, उद्या पाना हातातून निसटतो, पण कोणाला लागत नाही. ही वाघाची पावलेच. ती सांगणाऱ्याला शाबासकी मिळते, तेथे वाघ येण्याआधीच माणसे सावध होतात.

घरी काय करावे?

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो.

वास आला तर काडी ओढू नका. दिव्याचा खटका चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. मुलाबाळांना बाहेर न्या. मग घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गळती काडीने शोधू नका, साबणाच्या पाण्याने शोधा. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याहून उंच ठेवा.

आणि एक. घरातली लहान मुलगी म्हणाली, “आई, वास येतो,” तर तिला गप्प करू नका. उठा आणि पाहा. वास नसला तरी ‘बरे झाले सांगितलेस’ असे म्हणा. म्हणजे ज्या दिवशी खरेच वास येईल, त्या दिवशी ती बोलेल.