सिंहाचे राखणदार

केनियाच्या दक्षिण सीमेवर, किलिमांजारो पर्वताच्या उत्तरेस अंबोसेलीचा गवताळ प्रदेश पसरलेला आहे. गुरे पाळणारा मसाई समाज आणि सिंह येथे पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आले आहेत. या शेजाराचा इतिहास जाणल्याशिवाय तेथील सिंहाच्या रक्षणाचा प्रश्न उमजत नाही, असे आम्हांस वाटते.

ब्रिटिश सत्तेने १९०४ व १९११ च्या करारांनी मसाईंची उत्तरेकडील उत्तम कुरणे घेतली व त्यांना दक्षिणेच्या राखीव क्षेत्रात हलविले. स्वतंत्र केनियात १९७४ मध्ये अंबोसेली राष्ट्रीय उद्यान झाले आणि कोरड्या ऋतूत आधार देणारे पाणवठेही दुरावले. उद्यान जेमतेम ३९० चौरस किलोमीटरचे. पावसाळ्यात वन्य प्राणी बाहेरच्या कुरणांत पसरतात. त्यांच्यामागोमाग सिंहही येतो. म्हणजे प्राणी उद्यानाचे, चारा मसाईंचा आणि नुकसानही मसाईंचेच! मग मेलेल्या गुराचा सूड भाल्याने वा विषाने घेतला जाई. विषाने गिधाडे आणि तरसही मरत. शिवाय सिंह मारणे हे तरुण योद्ध्याच्या, म्हणजे मोरानच्या, शौर्याचे लक्षण मानले जाई.

केवळ कायद्याने हे थांबले नाही. २००३ पासून काही भागांत गुरांची भरपाई मिळू लागली. मात्र राखणीत हयगय झाली असेल, तर रक्कम कमी होई. २००७ मध्ये ‘लायन गार्डियन्स’ या उपक्रमाने पुढचे पाऊल टाकले. त्याने मोरानांनाच पगारी राखणदार नेमले. काहींनी पूर्वी स्वतः सिंह मारले होते. ते सिंहाचा माग काढतात, गळपट्ट्याच्या रेडिओसंकेतावरून त्याचा ठावठिकाणा घेतात, गुराख्यांना सावध करतात, हरवलेली गुरे शोधतात, काटेरी वाडे भक्कम करतात आणि सूडास निघालेल्यांना परतवितात. सिंहांना मसाई नावे देतात. नाव असलेला सिंह मारणे मनाला जड जाते.

यांतील अनेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. नोंदी करता याव्यात म्हणून ते लिहावाचायला शिकले. मागाचे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. अक्षरांमुळे ते नोंदीत उतरले आणि संशोधकांच्या उपयोगी पडले. भाल्याने मिळणारा मान वहीने मिळू लागला आणि त्या भागातील सिंहहत्या लक्षणीय घटल्या.

तरीही काम संपलेले नाही. मे २०२३ मध्ये, दीर्घ दुष्काळाच्या पाठोपाठ, अंबोसेली परिसरात आठवडाभरात १० सिंह मारले गेले. ज्याचा कळप दुष्काळात आधीच रोडावला आहे, त्याला उरलेली एक शेळीही मोलाची असते. म्हणून त्याचे पाणी, त्याचे कुरण आणि निर्णयातील त्याचा वाटा राखणे हाही सिंहरक्षणाचाच भाग आहे. हा इतिहास शिकविताना सिंहाबरोबर त्या गुराख्याचीही बाजू आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे.