नऊ घरांचा डाव

पहाटे साडेपाच

वाळवा तालुक्यातल्या ज्या तळावर मी जाते, तिथल्या चुली एव्हाना पेटून विझलेल्याही असतात. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्या तीन-साडेतीनलाच फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, दिवाळीच्या आगेमागे आल्यापासून कारखान्याचं धुराडं थंड होईतो, त्यांचं घर म्हणजे ताडपत्रीची कोपी. मागे तळावर राहतात ती पोरं. त्यांत आठ-नऊ वर्षांची मुलगी असली की तिच्या कडेवर धाकटं भावंड असतंच.

मी या वेळी घरी पिशवी भरते. चिंचोके, गारगोट्या, खडू, गुंडाळता येणारे रेक्झिनचे दोन पट आणि अगदी तळाशी लाकडी सोंगट्यांचा एक संच. तो वर ठेवला तर पोरं आधी घोड्याला हात घालतात आणि मग प्याद्यांकडे कुणी बघत नाही.

सव्वासात

पहिला अर्धा तास बुद्धिबळाचा नसतो. नाकं पुसायची, हातपाय धुऊन घ्यायचे, कोण तापलंय ते बघायचं. टँकर आला तर सगळ्यांनी कळशा घेऊन पळायचं.

आठ

झाडाखालची जमीन झाडून काठीने चौकट आखते. तीन घरं आडवी, तीन उभी. एका बाजूला तीन गारगोट्या, समोर तीन चिंचोके. ही आमची प्यादी. प्यादं एक घर सरळ पुढे जातं आणि मारताना तिरकं मारतं. पलीकडच्या शेवटच्या ओळीत जो आधी पोचेल तो जिंकला. समोरच्याची सगळी प्यादी मारली तरी जिंकला आणि समोरच्याला हलायला जागाच ठेवली नाही तरी जिंकला. एवढंच. पाच वर्षांचं पोर दोन डाव बघून तिसरा खेळतं.

हा खेळ माझा नाही. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात तो मांडला, नाव दिलं हेक्सापॉन. त्यांनी तो माणसासाठी मांडलाच नव्हता. रिकाम्या काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन, हरता हरता शिकत जाणारं 'यंत्र' कसं करता येईल हे त्यांना दाखवायचं होतं. ज्या चालीने हरलो त्या चालीचा मणी पेटीतून काढून टाकायचा; मग ती चाल पुन्हा निघतच नाही. आमच्या तळावर मणी नाहीत, पण मुलं नेमकं हेच करतात. डाव इतका लहान असतो की आपण कुठे फसलो ते हरलेल्याला डोळ्यांसमोर दिसतं. मोठ्या पटावर चाळीस चालींनंतर हरलेल्या नव्या पोराला ते कधीच कळत नाही, तो फक्त हरतो.

पूर्ण बुद्धिबळ पहिल्याच दिवशी का नाही, असं मला शहरातली मंडळी विचारतात. चौसष्ट घरं, बत्तीस सोंगट्या, सहा तऱ्हेच्या चाली, वर किल्लेकोट. शिकणं अवघड आहे म्हणून मी ते टाळत नाही. ही मुलं ते शिकतात. खरी अडचण वेळेची आहे. इथल्या मुलीला सलग पाव तास मिळत नाही. बाळ रडलं, उठ. मावशीने हाक मारली, उठ. तिची प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर सुटते: जेवण, खेळ, झोप आणि शाळेचं वर्षसुद्धा. नऊ घरांचा डाव दोन मिनिटांत संपतो. दिवसातली एक तरी गोष्ट तिची तिने शेवटाला नेलेली असते. सोपा खेळ मी मुख्यतः यासाठी निवडला आणि या मतावर मी ठाम आहे.

नऊ

आज एक डाव जवळून बघण्यासारखा झाला. दहा वर्षांचा मुलगा गारगोट्या घेऊन बसला, समोर आठ-नऊ वर्षांची मुलगी, मांडीवर भाऊ. मुलाने मधलं प्यादं पुढे सरकवलं. तिने आपल्या कडेच्या प्याद्याने ते तिरकं मारलं. त्याने त्याच कडेच्या प्याद्याने उलट मारलं. आता पटावर दोघांची दोन-दोन प्यादी. मधल्या उभ्या ओळीत दोघांची प्यादी एकमेकांसमोर अडलेली. तिचं दुसऱ्या कडेचं प्यादं मोकळं होतं आणि मुलाचं मधलं प्यादं बरोबर त्याच्या तिरक्या माऱ्यात.

"मार की! मार!" भोवतीची सगळी ओरडली.

मारलं असतं तर त्याच्या कडेच्या प्याद्याने परत मारलं असतं, मध्ये दोन प्यादी समोरासमोर अडली असती आणि खेळायची पाळी तिची असती. हलायला जागा नाही, म्हणजे हार. तिने हात पुढे नेला, चिंचोक्यावर ठेवला, मग उचलून घेतला. भावाच्या तोंडातली माती बोटाने काढली. पुन्हा पटाकडे बघितलं. आणि न मारता ते प्यादं सरळ एक घर पुढे ढकललं.

मुलगा बघत राहिला. त्याची दोन्ही प्यादी अडलेली, मारायला तिरकं काही नाही.

"आता म्या कुठं जाऊ?"

"कुठंच नाय," ती म्हणाली. "झालं."

दुसऱ्यांदा चालणाऱ्याने नीट खेळलं तर या डावात तोच जिंकतो, हे गणिताने सिद्ध आहे. मी मुलांना ते सांगितलेलं नाही. पण गेल्या आठवड्यापासून प्रत्येक डावाआधी 'आधी तू', 'नाय, आधी तू' अशी भांडणं सुरू झाली आहेत. म्हणजे त्यांनी ते शोधून काढलंय.

साडेदहा

सहा वर्षांवरच्या मुलांना घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुसार वर्गात बसवायचं, दाखला आला नाही म्हणून थांबवायचं नाही. कायदा स्पष्ट आहे. तरी मूल स्वतःहून वर्गात पाय टाकायला घाबरतं, कारण शाळा सुरू होऊन चार महिन्यांनी आलेल्या मुलाला तिथलं काहीच ओळखीचं नसतं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खडूने नऊ घरं आखली की गावातली मुलं भोवती जमतात आणि शिकवायला मात्र तळावरची लागतात. आज पहिलीतल्या एका पोराने चौथीतल्या मुलाला "तिरकं मार, सरळ नाय" असं दरडावलं. त्या मुलाने ऐकलंही.

साडेबारा

शाळेत खिचडी. ज्यांना भावंडांमुळे शाळेत येता आलं नाही, त्यांच्यासाठी तळावर शेंगदाण्याचे लाडू. युगांडात कंपालाच्या कटवे वस्तीत रॉबर्ट कटेंडे बुद्धिबळ शिकवायचे तेव्हा आलेल्या मुलांना लापशी द्यायचे. फिओना मुतेसी पहिल्यांदा आली ती भुकेपोटी. पुढे २०१० च्या ऑलिम्पियाडमध्ये ती युगांडाकडून खेळली. तिच्यावर सिनेमा निघाला. ती गोष्ट मला फार प्रिय आहे, पण माझ्या तळावरचं कुणी फिओना होईल का, या मापाने मी इथलं काम मोजणार नाही. लाडू खाऊन एक डाव पुरा खेळलेलं मूल मला पुरतं.

दोन

नऊ घरांत पक्की झालेली मुलं पटावर बसतात. आधी आठ प्यादी विरुद्ध आठ प्यादी, पलीकडे पोचेल तो जिंकला. त्यात मुरली की राजा. मग शह म्हणजे काय ते कळतं. मग हत्ती, तो सरळ चालतो म्हणून. उंट त्यानंतर, वजीर पुढे आणि अडीच घरांचा घोडा शेवटी. एका वेळी एकच सोंगटी.

तळावर राखणीला राहिलेले एक आजोबा रोज हे बघत बसतात. आज मी प्याद्याची पहिली चाल दोन घरांची असू शकते असं सांगितलं, तर ते एकदम बोलले, "दोन घरं कशी जाईल ताई? प्यादं पायी चालतं." मग कळलं, तरुणपणी गावच्या पारावर ते देशी डाव खेळायचे. त्या डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि शेवटच्या ओळीत ज्या सोंगटीच्या घरात पोचेल तीच सोंगटी व्हायचं. मी मुलांना म्हटलं, आजपासून आपण आजोबांच्या नियमाने खेळू. शिकवायला तोच सोपा आहे आणि आपल्या मातीतला आहे. इथून सांगली काही लांब नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी घडवलेली, बुद्धिबळाची पंढरी म्हणवणारी सांगली. तिच्या एवढ्या जवळ येऊन दरवर्षी हजारो मुलं पट न बघताच परत जातात, याचं मला दुःख आहे.

पाच

टोळ्या परतल्या. बायांच्या डोक्यावर वाढ्यांचे भारे. सकाळच्या त्या मुलीची आई भारा टाकून माझ्याजवळ आली.

"ताई, पोरगी रातच्याला बी चिंचोके मांडती. ह्यानं व्हतं काय?"

थकलेल्या आईला खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. इंग्लंडमध्ये सुमारे शंभर प्राथमिक शाळा निवडून त्यांतल्या निम्म्या शाळांत मुलांना वर्षभर बुद्धिबळ शिकवून पाहिलं होतं. त्याचा अहवाल २०१६ साली आला: वर्षभराने त्या मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा वाढलेले नव्हते. बुद्धिबळाने हुशारी वाढते असं फलकावर लिहून देणाऱ्यांनी तो वाचावा. मी तिला एवढंच म्हटलं, "वैनी, सगळी मार मार म्हणत होती तवा ती थांबली. इचार केला. मग खेळली."

ती लेकीकडे बघत म्हणाली, "घरात बी तशीच हाय ती." आणि धाकट्याला तिच्या मांडीवरून स्वतःकडे घेतलं. मुलीला आणखी दोन डाव मिळाले.

सात

मुकादम भेटले. इकडचा फड संपला, उद्या एक टोळी कृष्णेपलीकडे हलणार. त्या टोळीत बारा मुलं आहेत, सकाळची मुलगीही. मुख्याध्यापकांना फोन करून बाराही जणांची, नव्या शाळेत दाखवायची शिक्षण हमी कार्डं भरून ठेवायला सांगितली. ते म्हणाले, "सकाळी सातला या, सही करून ठेवतो."

साडेआठ

घरी वही लिहिते. कोण जिंकलं ते त्यात नसतं. कोणाचा डाव पुरा झाला, कोणाला मधूनच उठावं लागलं आणि का, एवढंच. आज वीस डाव पुरे, सात अर्धे. सातांपैकी पाच बाळ रडल्यामुळे सुटले. तळावर पाळणाघर सुरू झालं तर हे पाच डावही पुरे होतील. कारखान्याकडे तो अर्ज पुन्हा द्यायचा आहे.

मग कृष्णेपलीकडच्या शाळेतल्या गुरुजींना चिठ्ठी. बारा नावं, प्रत्येकाची इयत्ता, कोणाला वाचता येतं, कोणाला अजून जोडाक्षरं अडतात. शेवटच्या रकान्यात त्या मुलीपुढे लिहिलं: प्यादी, राजा आणि हत्ती येतात. उंटापासून पुढे शिकवावं. भावाला वर्गात बसू द्यावं.