बदलीचा मोसम
(खेळाचा हिशेब : लेखांक ५)

न्यू जर्सीत पाहुणा म्हणून गेलेला मराठी माणूस एकदा तरी जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरला जातोच. न्यूअर्क अॅव्हेन्यूवर डोसा खायचा, पापड-लोणची घ्यायची, ‘अगदी दादर वाटतं नाही?’ म्हणायचं आणि परतायचं. तिथूनच केनेडी बुलेवार्डने दक्षिणेकडे मैलभर चाललं, की सेंट पीटर्स नावाचं एक लहानसं जेझुइट विद्यापीठ लागतं. त्यांच्या बास्केटबॉल संघाचं नाव पीकॉक्स, म्हणजे मोर. आजची गोष्ट या मोरांपासून सुरू करू.

दर मार्चमध्ये अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. हरला तो घरी. चार विभाग केलेले असतात आणि प्रत्येक विभागात संघांना 1 ते 16 मानांकनं दिलेली असतात. 2022 साली सेंट पीटर्सचं मानांकन होतं 15, म्हणजे येऊन, हरून, फोटो काढून परत जायचं. पहिला सामना केंटकीशी. आठ वेळा राष्ट्रीय विजेतं ठरलेलं हे विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये साक्षात संस्थान आहे. मोरांनी ते संस्थान जादा वेळेत 85-79 असं खालसा केलं. डग एडर्ट नावाचा बारीक मिशीचा पोरगा राखीव बाकावरून उठून आला आणि त्याने 20 गुण काढले. पुढे मरी स्टेट, मग पर्ड्यू. 15 मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचला, आणि हे पहिल्यांदाच घडत होतं. नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना थांबवलं, तोवर एडर्टच्या मिशीला बफेलो वाइल्ड विंग्ज या उपाहारगृहांच्या साखळीची जाहिरात मिळालेली होती.

त्यानंतर काही आठवड्यांत तो संघ उरलाच नाही. कोच शाहीन हॉलोवे त्याच राज्यातल्या सीटन हॉल या मोठ्या विद्यापीठात गेला, ते त्याचं जुनं कॉलेज. के.सी. एनडेफो त्याच्या मागोमाग गेला. एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला आणि ड्रामे नावाचे जुळे भाऊ ला सालला. आपल्याकडे खात्यात बदल्यांचा मोसम येतो तसा हा प्रकार, फरक इतकाच की इथे अर्ज कर्मचारी स्वतः करतो आणि तो नामंजूर करायचा अधिकार कुणालाच नाही.

त्या अर्जाची खिडकी म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’. नाव भारदस्त असलं तरी आहे ती एक संगणकीय यादी. खेळाडूने आपल्या कॉलेजच्या नियमपालन कचेरीत लेखी कळवायचं आणि कचेरीने कामाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत चढवायचं. नाव दिसलं की इतर कोचांना त्याला फोन करायची मुभा. या यादीत एक छोटीशी सोय आहे, तिच्याकडे बारकाईने पाहावं. नावापुढे ‘संपर्क करू नये’ अशी खूण करता येते. नाव बाजारात आणि वर ‘विचारू नका’ची पाटी! अर्थ उघड आहे, बहुतेक वेळा सोयरीक आधीच जुळलेली असते आणि यादीतलं नाव हा नुसता साखरपुडा असतो.

ऑक्टोबर 2018 मध्ये हे पोर्टल आलं तेव्हा बदलीची शिक्षा मात्र तशीच होती : कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर. एप्रिल 2021 मध्ये ‘पहिली बदली माफ’ झाली. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका न्यायालयाने उरलेली अटही अडवली आणि एप्रिल 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदली घ्या, बाकावर बसणं नाही. दरम्यान 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि ओळख विकून कमावण्याची परवानगी मिळाली होती. त्यालाच तिकडे ‘एनआयएल’ म्हणतात. नुसती बदली खुली झाली असती, तर पोरं मैदानावर जास्त वेळ मिळावा म्हणून हलली असती. नुसता पैसा खुला झाला असता, तर स्थानिक मोटारविक्रेत्याच्या जाहिरातीवर भागलं असतं. दोन्ही नळ तीन महिन्यांच्या अंतराने सुटले आणि पाणी घरात शिरलं.

कसं शिरलं, ते मायामीत दिसलं. एप्रिल 2022 मध्ये नायजेल पॅक हा कॅन्सस स्टेटचा गार्ड मायामी विद्यापीठात आला. तिथल्या जॉन रुईझ या धनाढ्य चाहत्याने आपल्या कंपनीतर्फे त्याच्याशी दोन वर्षांचा 8 लाख डॉलरचा करार केला, वर मोटार दिली आणि आकडा स्वतःच जगजाहीर केला. काही दिवसांत त्याच संघातल्या आयझाया वाँगच्या एजंटने वृत्तवाहिनीला सांगितलं, की आमच्या पोराचा करार वाढवा, नाहीतर तो पोर्टलमध्ये जाईल. घरातल्या जुन्या सुनेला नव्या सुनेचे दागिने दिसले, दुसरं काय! वाँग शेवटी राहिला, दोघे एकत्र खेळले आणि 2023 मध्ये मायामी इतिहासात पहिल्यांदा शेवटच्या चारांत गेलं. म्हणजे पैशाने संघ फुटला असं म्हणावं तर याच संघाने आजवरची सर्वांत मोठी मजल मारली. पण कोच जिम लॅरानागा यांनीच नंतर सांगितलं, की त्या यशानंतर खेळाडूंची पहिली बैठक घेतली तेव्हा आठ जण पोर्टलमध्ये जायचं ठरवून बसले होते. डिसेंबर 2024 मध्ये, ऐन हंगामात, वयाच्या 75 व्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्याच्या दोन महिने आधी व्हर्जिनियाला 2019 चं विजेतेपद मिळवून देणारा टोनी बेनेट, हंगामाला तीन आठवडे उरले असताना, हे नवं वातावरण आपल्याला मानवत नाही म्हणून बाजूला झाला.

या कोचांसाठी फार डोळे ओले करायची गरज मला वाटत नाही. वर्षाला लाखो डॉलर घेऊन, करार अर्धवट टाकून, जास्त पैशाच्या विद्यापीठात जाणं हे त्यांनी दशकानुदशकं केलं आहे. त्या काळात खेळाडूला सकाळी खायला द्यायच्या बेगलचेही नियम होते : कोरडा बेगल हा खाऊ, त्यावर क्रीम चीज लावलं की ते जेवण. 2014 साली कनेटिकटचा शबाझ नेपियर राष्ट्रीय विजेता ठरला आणि त्याच सुमारास त्याने काही रात्री आपण उपाशी झोपतो असं पत्रकारांना सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना हवं तेवढं खाऊ घालायची मुभा मिळाली. मार्चच्या या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांची किंमत तेव्हाही अब्जावधी डॉलरमध्ये होती. 2016 मध्ये तो करार आठ वर्षांनी, 2032 पर्यंत वाढवला गेला, तो 880 कोटी डॉलरना. तेव्हा पोरांना पैसा मिळाला, बरं झालं. माझी तक्रार वेगळी आहे.

पोरगा घडवतं एक कॉलेज आणि त्याचं फळ खातं दुसरं, हा व्यवहार कुठे नोंदलाच जात नाही. फ्लोरिडा विद्यापीठाचं 2025 चं विजेतेपद पाहा. अंतिम सामन्यात ह्यूस्टनवर 65-63. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांसाठी उडाला आणि समोरून वॉल्टर क्लेटन झेपावला. फेकला तर चेंडू अडवला जाणार हे हवेतच शार्पला कळलं. चेंडू धरून खाली यावं, तर नियमभंग. त्याने चेंडू खाली सोडला आणि त्याला हात लावायचीही सोय नसल्याने तो टिपे खात असताना नुसता बघत राहिला. फ्लोरिडाच्या अॅलेक्स कॉन्डनने त्यावर झडप घातली, खेळ संपला. हा क्लेटन दोन वर्षं आयोना या न्यूयॉर्कजवळच्या छोट्या कॉलेजात रिक पिटिनोच्या हाताखाली तयार झाला होता. आयोना आणि आपले मोर एकाच लहान कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळतात आणि 2023 मध्ये त्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू क्लेटनच होता. त्याचा जोडीदार अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून. तीन छोट्या घरची पोरं आणि मोठ्या घरचा करंडक.

क्लेटनच्या बदलीसाठी आयोनाला काय मिळालं? एक छदामही नाही. युरोपात फुटबॉलपटू क्लब बदलतो तेव्हा जुन्या क्लबला किंमत मिळते आणि फिफाच्या नियमानुसार त्यातला 5 टक्के वाटा त्याला पोरवयापासून घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. कॉलेजांना हे जमत नाही, कारण किंमत लावायची तर करार लागतो, आणि खरा करार म्हटला की पोरगा नोकर ठरतो. नेमका हाच शब्द एनसीएए ही नियामक संस्था सत्तर वर्षं चुकवते आहे. 1955 साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यात झालेल्या दुखापतीने दगावला, त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. तो हा खेळाडू-कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांचा काळ. त्यापासून बचाव म्हणून ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द तयार करून सगळीकडे रुजवण्यात आला, असं संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवलं. विधवा हरली, शब्द टिकला.

जून 2025 मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केली, तेव्हाही ‘नोकर’ हा शब्द टळलाच. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर द्यायचे. शिवाय पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या सर्व खेळांच्या खेळाडूंत मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट वाटता येतील, पण पगार म्हणून नव्हे. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी यातला तीन चतुर्थांश वाटा अमेरिकन फुटबॉलला आणि सुमारे 15 टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला ठेवला आहे. महिलांच्या बास्केटबॉलच्या वाट्याला येतात 5 टक्क्यांच्या आसपास. जुन्या भरपाईच्या अशाच वाटणीविरुद्ध काही महिला खेळाडूंनी अपील केलं, ते मला रास्त वाटतं. बाहेरच्या 600 डॉलरवरच्या प्रत्येक करारावर डेलॉइटची यंत्रणा नजर ठेवणार, की ही खरी जाहिरात आहे की मिशीला लावलेलं तूप.

विदेशी पोरांची गंमत तर आपल्या घरोघरी समजेल. दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला पर्ड्यूचा झॅक ईडी हा कॅनडाचा, सात फूट चार इंच, आणि तेव्हा एफ-1 व्हिसावर. त्याच व्हिसावर आपली भाचवंडं कॅम्पसबाहेर तासभर काम करायलाही घाबरतात. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर शिब्वे 2022 मध्ये संघाबरोबर बहामाला गेला, तेव्हा त्याने आपल्या जाहिरातींचं काम तिथे उरकून घेतलं. देशाबाहेर केलेली कमाई व्हिसाच्या आड येत नाही.

छोट्या कॉलेजांनी यावर उपाय शोधले नाहीत असं नाही. डॅरिल बँक्स जिथे गेला त्या सेंट बोनाव्हेंचरने सप्टेंबर 2024 मध्ये आपला माजी विद्यार्थी एड्रियन वोज्नारोव्स्की याला बास्केटबॉल संघाचा महाव्यवस्थापक नेमलं. तो एनबीएच्या बातम्या फोडणारा देशातला सर्वांत नावाजलेला पत्रकार, ईएसपीएनचा लठ्ठ पगार सोडून आला. कॉलेजला महाव्यवस्थापक लागतो, यातच सगळं आलं. पण मार्च 2025 मध्ये शेवटचे सोळा संघ उरले तेव्हा ते सगळे चार बड्या कॉन्फरन्सचे होते, एकही मोर नाही. आणि पोर्टल तर त्याच आठवड्यात, 24 मार्चला उघडलं. स्पर्धा अर्धी बाकी, दिवसा उद्याच्या सामन्याची तयारी आणि रात्री पुढच्या वर्षीच्या संघासाठी फोन.

त्या स्पर्धेत लुइझियानातल्या मॅकनीस स्टेटने क्लेम्सनला 69-67 असं हरवून धक्का दिला. पण संघातला सर्वांत गाजलेला माणूस खेळाडू नव्हताच. चेंडू-टॉवेल सांभाळणारा विद्यार्थी मॅनेजर, गळ्यात भलामोठा स्पीकर अडकवून गाणी वाजवत संघापुढे चालायचा. नाव आमिर खान. त्याचा व्हिडिओ फिरला आणि त्यालाही जाहिराती मिळाल्या, त्यांत एक बफेलो वाइल्ड विंग्जची. मग मॅकनीसचा कोच विल वेड नॉर्थ कॅरोलायना स्टेटला गेला. पाठोपाठ आमिर खानचीही बदली झाली, त्याच विद्यापीठात.