परसबागेतील निशिगंध : कंदांची खरेदी व लागवड

निशिगंधास बाजारात गुलछडी असेही म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिको देशातील असून घायपाताच्या कुळातील आहे. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, सांगली इत्यादी जिल्ह्यांत त्याची लागवड होते. हार, वेणी व पूजा यांसाठी त्याच्या फुलांना मागणी असते. घरामागे विहिरीचे किंवा मोरीचे थोडे पाणी मिळत असल्यास चारसहा वाफ्यांतही हे पीक सहज घेता येते. मात्र त्याची सुरुवात कंदापासून होते आणि कंदाच्या खरेदीत झालेली चूक पुढे खताने वा पाण्याने भरून निघत नाही. बारीक कंदांमुळे एक हंगाम वाया जातो. रोगट कंदांमुळे जमीनच बिघडते. म्हणून कंद पारखून कसे घ्यावेत, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे.

कंदाचा स्वभाव

निशिगंधाचा पूर्ण वाढलेला कंद एकदाच फुलाचा दांडा देतो. त्या कंदाभोवती लहान कंद तयार होतात व पुढील फुले त्यांच्यापासून मिळतात. त्यामुळे गड्ड्यात मोठे, मध्यम व अगदी बारीक असे सर्व प्रकारचे कंद एकत्र असतात. दीड ते तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद लागवडीस योग्य होत. त्याहून बारीक कंद उगवतात, पाने धरतात. परंतु पहिल्या वर्षी ते बहुधा फुलत नाहीत. तसेच, ज्या कंदाच्या मध्यावर जुन्या दांड्याचा वाळलेला खुंट दिसतो, तो कंद फुलून गेलेला असतो. असा कंद घेऊ नये.

खरेदी करताना

कंद वजनावर न घेता शक्यतो मोजून घ्यावेत. वजनाने घेणे भागच असल्यास आधी एक किलो कंद माती झाडून वेगळे करावेत व त्यातील लागवडीयोग्य नग मोजावेत. समजा, ५० रुपयांच्या एक किलोत ५० कंद भरले, तर एक कंद एक रुपयास पडला असे वाटते. परंतु त्यातील २० कंद बारीक निघाले तर उपयोगी कंद ३० च राहतात आणि प्रत्येकी किंमत सुमारे १ रुपया ६७ पैसे होते. हा हिशेब केल्याशिवाय स्वस्त कोणते व महाग कोणते, हे ठरविता येत नाही.

कंद हातात घेऊन दाबून पाहावा. तो घट्ट व भरीव असावा. मऊ, सुरकुतलेला, काळपट डाग पडलेला किंवा कुजका वास येणारा कंद बाजूस काढावा. कंदावर पांढरी बुरशी किंवा मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसल्यास ती खोडकुजीची खूण समजावी. कंदास चिकटलेल्या मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमींचा उपद्रव आहे असे जाणावे. एखादा कंद असा आढळला तरी त्या ढिगातून खरेदी करू नये. सूत्रकृमी एकदा जमिनीत शिरले की वांगी, टोमॅटो, भेंडी अशा परसबागेतील भाज्यांवरही त्यांचा उपद्रव होतो व त्यांचा बंदोबस्त करणे फार कठीण जाते.

थंडीच्या अखेरीस पाने पिवळी पडून वाळली म्हणजे कंद काढतात. काढल्यावर ते सावलीत सुकवून सुमारे चार ते सहा आठवडे विश्रांती द्यावी लागते. ताजे कंद लगेच लावल्यास उगवण एकसारखी होत नाही. म्हणून विक्रेत्यास कंद केव्हा काढले, हे अवश्य विचारावे.

कोणती जात घ्यावी ?

एकेरी फुलांना सुवास अधिक असतो व ती हार-वेणीस चालतात. दुहेरी फुलांना सुवास कमी असतो, परंतु ती फुलदाणीस शोभतात. बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने शृंगार व प्रज्वल या एकेरी आणि सुवासिनी ही दुहेरी जात काढली आहे. शृंगार ही जात गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस बरीच दाद देत नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाची फुले रजनी ही एकेरी जातही उपलब्ध आहे. घरची फुले व थोडी विक्री, असा दुहेरी हेतू असल्यास एकेरी जात सोयीची.

वाफा व लागवड

जमीन पाण्याचा निचरा होणारी व दिवसभर ऊन मिळणारी असावी. भारी काळ्या जमिनीत आणि कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात गादीवाफे करावेत. पाणी साचल्यास कंद कुजतात. आदल्या पिकाच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील ती जागा टाळावी व तेथे आधी झेंडू घ्यावा.

तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद वाफ्यात ३० × २० सेंटिमीटर अंतराने १०० कंद बसतात. या वाफ्यास चांगले कुजलेले २५ किलो शेणखत लागते. त्यात २५० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून ढीग आठवडाभर सावलीत ओलसर ठेवावा व मग मातीत मिसळावा. लागवडीच्या वेळी सुमारे ५६० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, २०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश व ६५ ग्रॅम युरिया द्यावा. पुढे ३०, ६० व ९० दिवसांनी प्रत्येक वेळी ६५ ग्रॅम युरिया देऊन पाणी द्यावे. माती तपासून घेतली असल्यास त्या अहवालाप्रमाणे ही मात्रा कमीजास्त करावी.

एप्रिल-मे महिन्यांत लागवड करावी. कंदाचे टोक वर ठेवून तो पाच ते सात सेंटिमीटर खोल लावावा. फार उथळ लावल्यास दांडा कलतो; फार खोल लावल्यास उगवण लांबते. लागवडीनंतर हलके पाणी द्यावे व कोंब दिसेपर्यंत नुसती ओल राखावी. त्यानंतर उन्हाळ्यात पाच ते सात दिवसांच्या अंतराने पाणी पुरते. सुमारे तीन ते चार महिन्यांत फुले येऊ लागतात. हारासाठी उमलण्याच्या बेतात असलेल्या कळ्या पहाटे तोडाव्यात. फुलदाणीसाठी खालची दोनतीन फुले उमलताच दांडा कापावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

एकदा लावलेला वाफा तीन वर्षे ठेवता येतो. नंतर कंद उकरून, निवडून नव्या जागी लावावेत. त्या वेळी कंद इतके वाढलेले असतात की गावातील अनेक घरांस ते वाटता येतात. मात्र वाटण्यापूर्वी कार्यकर्त्याने प्रत्येक गड्ड्याची मुळे स्वतः पाहावीत. गाठी आढळल्यास तो सर्व वाफा वाटपातून वगळावा व मुळे जाळून टाकावीत. बारीक कंद फेकून देऊ नयेत. ते वेगळ्या वाफ्यात दाट लावल्यास पुढील वर्षी फुलण्याजोगे होतात. अशा रीतीने दुसऱ्या लागवडीपासून कंद विकत घेण्याचा खर्चच राहत नाही.