चार लक्ष चाळीस हजार एक

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मुख्य डाकघराच्या पत्त्याअखेरीस ४४०००१ हे जे सहा अंक लिहिले जातात, त्यांना टपालखात्याच्या लेखी संख्या म्हणून काडीचेही मोल नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेल्या या पिनकोड पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे, खात्यातील वरिष्ठ अंमलदार असूनही, संस्कृत काव्यनाटकांत रमणारे विद्वान होते. त्यांच्या योजनेत पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटच्या तिहींनी डाकघर. बेरीज-गुणाकाराचा तीत संबंध नव्हता. पण संख्या एकदा कागदावर उतरली, की ती कोणत्या दफ्तरातून आली याची चौकशी गणित करीत नाही.

अंकांची बेरीज ९, म्हणून हिला ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ४८,८८९. तो आणखी फुटतो का, याची तपासणी चिकाटीचे काम आहे खरे, परंतु २२१ चा वर्ग ४८,८४१ असल्यामुळे २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. एकीनेही भाग जात नाही, म्हणजे ४८,८८९ ही स्वतःच मूळ संख्या. तिला ४ ने भागता बाकी १ उरते. आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच रीतीने मांडता येते, हे सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने सांगितले व पुढल्या शतकात ऑयलरने सिद्ध केले. ती रीत शोधू जाता ७५ आणि २०८ सापडतात. दोहोंना तिप्पट केले, की डाकघराचा क्रमांक २२५ व ६२४ यांच्या वर्गांची, म्हणजे ५०,६२५ आणि ३,८९,३७६ यांची, बेरीज ठरतो.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हिचे काय केले असते, हे सांगणे कठीण नाही. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. चार अंकी संख्या, तिचे सर्व अंक सारखे नसतील तर, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर स्थिरावते. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ४,४१,००० वजा १४४ म्हणजे ४,४०,८५६. पुढे ८,२०,८७२, ८,६४,४३२, ६,२९,९६४, ७,४९,९४३, ६,५२,६४४ आणि सातव्या पायरीला ४,२०,८७६. तेथून ती सात संख्यांच्या फेऱ्यात सापडते व पुन्हा पुन्हा ४,२०,८७६ वरच येते.

नागपुरातल्याच शंकरनगरचा ४४००१० हा क्रमांक त्याच सहा अंकांचा असल्याने पहिल्याच वजाबाकीत या वाटेला मिळतो. वर्गांच्या हिशेबात मात्र तो अधिक संपन्न, कारण ५४३ व ३८१ यांच्या वर्गांची बेरीज तर तो आहेच, शिवाय ६६३ व २१ यांच्या वर्गांचीही.