मैदान की महाविद्यालय? गुणवंत खेळाडूंसाठी प्रवेशाची नवी वाट

दहावी-बारावी जवळ आली की खेळाडू मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास उभा राहतो : खेळ सोडावा की अभ्यासाकडे दुर्लक्ष करावे? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेल्या झहीर खान यांनी प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण सुरू केले होते; क्रिकेटसाठी त्यांनी ते सोडले. पुढे २०११ सालच्या विश्वविजयात त्यांच्या २१ बळींचा मोठा वाटा होता. परंतु असे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. दुखापत झाली वा निवड हुकली, तर हाती पदक नाही आणि पदवीही नाही, अशी अवस्था होते.

अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातील खेळाडूस शिष्यवृत्ती मिळू शकते; मात्र अभ्यासात किमान गुण राखल्याशिवाय त्यास स्पर्धेत उतरता येत नाही. तेथे खेळ आणि अभ्यास यांची अशी सांगड घातलेली आहे.

आपल्या देशात मद्रास येथील आयआयटीने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून या दिशेने पाऊल टाकले. तेथे पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन वाढीव जागा ठेवण्यात आल्या व त्यांपैकी एक मुलींसाठी राखण्यात आली. मागील चार वर्षांत राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळवलेले असावे, तसेच जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव असावे, अशा दोन्ही अटी आहेत. त्यानंतर जागा मिळते ती खेळातील कामगिरीच्या स्वतंत्र यादीनुसार.

याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. ही प्रवेशाची हमी नव्हे. पदकामुळे परीक्षा टळत नाही. मात्र परीक्षेत पात्र ठरलेल्या पण क्रमांकात मागे राहिलेल्या खेळाडूस येथे संधी मिळते. मैदानावर खर्ची पडलेले तास त्यामुळे वाया जात नाहीत.

महाराष्ट्रातही दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या प्रत्येक सवलतीचे नियम वेगळे आहेत. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, शाळेच्या क्रीडाशिक्षकांमार्फत वा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळीच चौकशी करावी, आणि केवळ गुण घसरतील या भीतीने मुलांचे मैदान बंद करू नये.