उन्हातले प्रवाळ : ७ – खिडकीतला सूर्य

या आठवड्यात पाणी थंड ठेवण्याविषयी लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या जुन्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलंय. ‘आमची गॅलरी दक्षिणेला आहे, थंडीत दिवसभर लख्ख ऊन असतं. तिथे प्रवाळांची टाकी ठेवली तर दिव्यांचा खर्च वाचेल ना?’

दक्षिणेच्या उन्हावर माझाही असाच भरवसा होता. ब्रिस्बेनमध्ये पहिलं भाड्याचं घर घेतलं तेव्हा हट्टाने दक्षिणेची खोली टाकीसाठी ठेवली. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. थंडीत गाद्या वाळत घालायच्या त्या दक्षिणेकडे. टाकी मांडली, खारं पाणी भरलं, दगड मुरवले आणि उन्हाची वाट पाहत बसलो. तीन आठवडे ऊन आलंच नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी विचारलं, ‘टाकी सावलीत का ठेवलीस?’ दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो हे मी शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. अंगवळणी मात्र पडलं नव्हतं. इथे घरांच्या जाहिरातीत ‘उत्तराभिमुख’ हा शब्द ठळक छापतात, तो का, हे तेव्हा कळलं. (संक्रांतीचा तीळगूळ इथे घामाघूम होऊन खावा लागतो, तो हिशेब वेगळाच.)

मग दोघांच्या मदतीने टाकी उत्तरेच्या खिडकीत नेली. महिना जूनचा, म्हणजे इथली ऐन थंडी. ऊन टाकीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं. मी खूश. डिसेंबर आला, बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि टाकीत अंधार.

ब्रिस्बेन साडेसत्तावीस अंश दक्षिणेला आहे. जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३९ अंश वर येतो, म्हणून तो खिडकीतून थेट आत घुसतो. डिसेंबरात तो ८६ अंशांवर, जवळजवळ डोक्यावरच असतो आणि घराची वळचण त्याला बाहेरच अडवते. माणसाला हे सोयीचंच आहे. इथली जुनी लाकडी घरं रुंद पडव्यांची बांधली ती याच हिशेबाने, आपल्या कोकणातल्या घरांसारखी. पण माझ्या प्रवाळांना थंडीत उन्हाळा आणि उन्हाळ्यात काळोख मिळत होता. समुद्रातल्या प्रवाळाच्या वाट्याला सहसा असं उलटं वर्ष येत नाही.

खरी गोम आणखी पुढे होती. माझ्याकडे ताटलीसारखी वाढणारी एक मॉन्टिपोरा (प्रवाळाचाच एक प्रकार) होती. दगडावर आडवी बसवलेली. पाच-सहा महिन्यांत तिची नवी कड खिडकीच्या बाजूने उभी राहू लागली, सुपात धान्य पाखडताना सूप कलतं तशी. खिडकीकडच्या काचेवर हिरव्या शेवाळाचा थर इतका जाड की दर दोन दिवसांनी खरवडावा लागे. ऊन कमी-जास्त होणं एकवेळ चाललं असतं. उजेड चुकीच्या बाजूने येत होता.

पोहण्याच्या तलावात बुडी मारून सरळ वर बघा. सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात गोळा झालेलं दिसतं. पाण्यात शिरताना किरण वाकतो आणि उभ्या रेषेकडे सरकतो. पाणी संथ असेल तर अगदी क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचा किरणही आत आल्यावर उभ्या रेषेपासून ४९ अंशांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे प्रवाळाच्या दृष्टीने सूर्य सकाळ-संध्याकाळही बराच वरच असतो. आता खिडकीतली टाकी घ्या. तिथे ऊन पाण्याच्या पृष्ठभागातून येतच नाही, बाजूच्या काचेतून येतं. जूनमधला तो ३९ अंशांवरचा किरण काच ओलांडून पाण्यात आला की आणखी आडवा होतो, उभ्या रेषेपासून ६२ अंशांवर. समुद्रात सूर्य या दिशेला कधी नसतोच. माझी मॉन्टिपोरा कलली नसती तरच नवल!

टाउन्सव्हिलला, ग्रेट बॅरिअर रीफच्या काठावर, १९८७ साली उघडलेलं मत्स्यालय पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे डोक्यात लख्ख उतरलं. पंचवीस लाख लिटरच्या टाकीत जिवंत प्रवाळ आणि वर छप्पर नव्हतं, उघडं आकाश. पाण्याखालच्या पारदर्शक बोगद्यात उभं राहिलं की लाटांनी मोडलेले कवडसे प्रवाळांवरून धावताना दिसायचे. टाउन्सव्हिल १९ अंश दक्षिणेला, मुंबई १९ अंश उत्तरेला; शून्य सावलीचे दिवस दोघांनाही वर्षातून दोनदा.

ली चिन एंग यांची आठवण इथे काढायलाच हवी. जकार्ताच्या या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लिहिलं की समुद्राचं पाणी, समुद्रजीवांनी व्यापलेले ‘जिवंत’ दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर टाकी चालते. गाळणयंत्राची गरजच नाही. ते खोटं बोलत नव्हते. पण जकार्ता विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभरात कधी ६० अंशांच्या खाली येत नाही. हाच लेख वाचून कुणी फ्रँकफर्टला टाकी मांडली, तर तिथे डिसेंबरात तो सोळा-सतरा अंशांवर रेंगाळतो. लेख टपालाने जर्मनीत पोचतो, सूर्य पोचत नाही.

माझी टाकी आता मागच्या पडवीत आहे, पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्याखाली. बाजूच्या काचा काळ्या रंगवून टाकल्या, फक्त बघायची एक सोडली. उघड्यावर भर दुपारी उजेडाचा मापक २००० च्या आसपास जातो (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला इतके मायक्रोमोल प्रकाशकण), माझ्या प्रवाळांना ३००–४०० पुष्कळ होतात. म्हणून रोपवाटिकेतलं शेडनेट आणून बांधलं. उन्हाळ्यात दुहेरी, थंडीत एकेरी.

तर डोंबिवलीकर, तुमच्या गॅलरीची गत सांगतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तुमच्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत दुपारचं ऊन येणारच नाही. त्यातून पावसाचे ढग. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणच्या किनाऱ्यावरचा वाळलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. गॅलरीत ठेवायचीच असेल तर गोड्या पाण्यातल्या वनस्पतींची टाकी ठेवा. उंच, निमुळती नको; घमेल्यासारखी पसरट घ्या आणि कठड्यापासून हातभर आत, जिथे वरून आकाश दिसेल अशा जागी मांडा.